भिका तांडेलाचं चरित्र

सन १९६६. नववीत निबंधात पहिली आले आणि मला वाटायला लागलं, आपण काहीही लिहू शकतो! म्हणून बाबांचं चरित्र लिहायला घेतलं. बाबा म्हणजे घिवलीचे भिका तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके. त्यांना समुद्रानं नेलं तेव्हा माझा भाऊ एकनाथ पाळण्यात होता.

आता तो नऊ वर्षांचा. दिवाळीच्या सुट्टीत काकानं त्याला होडीवर नेलं, तर किनारा दिसेनासा व्हायच्या आतच हा भडाभडा ओकला. परत आल्यावर काका चारचौघांत म्हणाला, "तांडेलाचा पोर ना तू? भिकादादाचं नाव बुडवलंस!" तेव्हापासून एकनाथ बंदरावर फिरकलाच नाही. बाबा कसे होते ते वाचून दाखवलं की त्याला हुरूप येईल, असं मला वाटलं.

वही घेऊन घरोघर गेले. राहीबाई म्हणाली, "देवमाणूस." जमनामावशी बोंबील वाळत घालता घालता म्हणाली, "वाघ होता, वाघ! लिव." चार पानं भरली. एकनाथनं ती ऐकली आणि आणखीच तोंड पाडलं. "मी नाय त्यांच्यासारखा."

घ्या! पण मी काही हटणारी नव्हे. बाबांचा जुना खलाशी जिवल्याकाका बंदरावर जाळं सांधत होता. त्याला म्हटलं, "वाघबिघ सोडून काहीतरी सांग."

त्यानं इकडेतिकडे बघितलं. "पावसाळा सरला का पयल्या फेरीला तुजा बापूस ओकायचा. दर वर्साला! कोणाला दिसू नये म्हणून मी आडवा उभा ऱ्हायचो. तांडेलच ओकला तर बाकीचे त्याचं ऐकतील काय? शप्पत घातलेली मला."

"मग लिहू का?"

"लिव. आता तो कोणाला भितो?"

दुपारी जेवताना मी ते पान मोठ्यानं वाचलं. काकाचा घास हातातच राहिला. "जिवल्या खोटारडा हाय!"

"खोटं नाय," आय चुलीजवळून म्हणाली. "ह्यांची ती कापडं मीच धुतली. तुमाला कशाला सांगू भावजी? तुमी गावभर केलं असतं."

एकनाथनं मला विचारलं, "ओकून झाल्यावर बाबा काय करायचे?"

ते मी विचारलंच नव्हतं. "उद्या विचारते," म्हटलं.

"तू नको. मीच विचारतो," असं म्हणून तो अर्ध्या जेवणावरून उठला आणि उष्ट्या हातानंच बंदराकडे पळाला.