सरांचा निष्कर्ष

बाबांचा शेवटचा लेख जसाच्या तसा छापून यावा, त्यातला स्वल्पविरामसुद्धा हलू नये, एवढीच ऊर्मीची इच्छा होती. बाबा एप्रिलमध्ये गेले. मराठी मंडळाचा दिवाळी अंक आता छापायला जाणार होता आणि संपादक जयदीपचे फोन सुरू झाले होते. लेख तर तयारच होता. तो ज्यांच्यावर होता त्यांना एकदा वाचून दाखवावा, म्हणून ती शेजारच्या मिसेस टिब्सकडे गेली.

मिसेस टिब्स ऐंशीच्या घरातल्या, काळ्या, मूळच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या. लग्न करून कॅनडात आल्या आणि इथेच ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्या. बाबा जन्मभर नागपूरला इतिहास शिकवून इथे रिचमंड हिलला मुलीकडे आलेले. दर गुरुवारी दोघं चहाला बसायचे. त्या बाबांना ‘प्रोफेसर’ म्हणून चिडवायच्या, बाबा त्यांना ‘हेडमास्तरीणबाई’ म्हणायचे आणि त्याचा अर्थ कधीच सांगायचे नाहीत. विषय एकच: मिसेस टिब्सचं हायस्कूल. त्यांच्या लहानपणी काळ्या मुलांची आणि गोऱ्या मुलांची शाळा कायद्यानेच वेगळी होती.

“वाच,” त्या म्हणाल्या. “आणि प्रोफेसरनी माझं वय लिहिलं असेल तर तेवढं गाळ.”

“गाळणार काहीच नाही,” ऊर्मी म्हणाली. “पण लिहिलेलं नाही.”

वाक्यावाक्याचं इंग्रजी करत ती वाचू लागली. पुस्तकं गोऱ्यांच्या शाळेतून वापरून झालेली यायची, मधली पानं फाटलेली. इंग्रजीच्या बाई कुठून तरी अख्खी प्रत मिळवायच्या आणि फाटलेलं पान फळ्यावर लिहून द्यायच्या. मुलं ते उतरवून घेऊन खळीने त्याच जागी चिकटवायची.

“माझ्या पुस्तकातली निम्मी कविता माझ्याच अक्षरात होती,” मिसेस टिब्स म्हणाल्या. “पुढे.”

पुढे दरवर्षीच्या मेळाव्याचं होतं. शाळा पाडली, तिथे सुपरमार्केटचं पार्किंग झालं. तरी जुने विद्यार्थी उन्हाळ्यात तिथेच जमतात आणि सगळ्यांत वडील असेल तो तोंडपाठ हजेरी घेतो. मेलेल्याचं नाव आलं की बाकीचे सगळे मिळून त्याच्या वतीने ओ देतात. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात बाबा मिसेस टिब्सबरोबर त्यांच्या भाच्याच्या गाडीतून तिथे गेले होते. ‘मी कडेला उभा होतो,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘पहिलं गेलेलं नाव आलं आणि सवयीने माझ्याच तोंडून मोठ्याने निघालं: हजर.’

मिसेस टिब्स हसायला लागल्या. “सगळी माणसं वळून बघायला लागली! मी म्हटलं, अरे, हे आमचे प्रोफेसर, यांना सगळ्याच शाळा आपल्या वाटतात.”

ऊर्मीही हसली आणि शेवटचा परिच्छेद वाचू लागली. ‘निष्कर्ष: १९६९ साली या शाळेला कुलूप लागले आणि एका अन्यायाचा शेवट झाला.’

मिसेस टिब्सनी कप बशीत ठेवला.

“असं नाही झालं.”

“पण काळी-गोरी मुलं एका शाळेत...”

“त्यांच्या शाळेत. कुलूप आमच्या शाळेला लागलं, त्यांच्या नाही. आमच्या मुख्याध्यापकांना तिथे पुस्तकांच्या कोठीवर बसवलं. बाईंना घेतलंच नाही. बँडला मिळालेले चषक कचऱ्याच्या डेपोवर गेले. तो एक माझ्या भावाने उचलून आणला.”

गॅसशेजारी लाकडी चमच्यांनी भरलेला, काळा पडलेला चषक होता. ऊर्मी त्याला इतकी वर्षं फुलदाणीच समजत होती.

“कायदा वाईटच होता. तो आमच्या गावातून एकदाचा गेला तेव्हा आम्ही नाचलो. आणि शाळेसाठी रडलोही. दोन्ही एकाच आठवड्यात.”

“हे बाबांना सांगितलं होतं?”

“सांगितलं होतं. मग म्हणाले, पुढच्या गुरुवारी बोलू.”

त्या गुरुवारी बाबा हॉस्पिटलमध्ये होते.

ऊर्मी घरी येऊन पानं पुढ्यात घेऊन बसली. बाबांनी वर्गात जन्मभर एकच बजावलं होतं: निष्कर्षाशिवाय उत्तराला पूर्ण मार्क मिळत नाहीत. सुटीत घरी लिहिलेल्या तिच्या निबंधांनाही त्यांनी कधी सूट दिली नव्हती. वाक्य ठेवलं तर ते बाबांचं होतं, पण चुकीचं. बदललं तर बरोबर होईल, पण बाबांचं राहणार नाही. तिने दोन-तीन वाक्यं लिहून पाहिली. चांगली होती, तिची होती. तिने ती खोडली. मग शेवटचा परिच्छेदही काढला आणि लेख पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी जयदीपचा फोन आला.

“ऊर्मीताई, फाइल अर्धीच अपलोड झाली वाटतं. ‘हजर’वरच संपते.”

“नाही रे, पूर्ण आहे.”

“पण सरांचा लेख आणि निष्कर्ष नाही? लोक मलाच धरतील. म्हणतील, शेवट तू खाल्लास.”

“त्यांना त्यावर अजून बोलायचं होतं,” ऊर्मी म्हणाली. “तसाच जाऊ दे.”

“बरं. तळाशी ‘अपूर्ण’ असं टाकू?”

“नको.”

फोन ठेवून तिने कोट चढवला. गुरुवार होता, आणि मिसेस टिब्सना चहा गार झालेला चालत नसे.