शोभाबाईसाठी घर

बाजीरावने नखाने भिंतीवर ओरखडा काढला, माती किती सुटते ते पाहिलं आणि मग पुराची खूण शोधायला तो खाली वाकला.

"पानी किधर तक आया था?"

"ओटला सुधी," घरमालक मगनभाई म्हणाले. "अंदर नथी आव्युं."

अडुसष्टच्या पुराला चार वर्षं झाली होती, तरी कतारगामच्या घराघरांत पाण्याची तपकिरी रेघ अजून दिसायची. या खोलीत ती नव्हती. ओट्याच्या वरच्या पायरीलाच तापी थबकली होती. बाजीराव मनातून खूश झाला, पण घरमालकासमोर खूश दिसू नये एवढा व्यवहार त्याला कळत होता.

ही नववी खोली. आधीच्या आठ त्याने नापास केल्या होत्या. एकीचा नळ लांब, दुसरीत ऊनच येत नाही, तिसरीच्या शेजारी चोरून दारू विकायचे. कापडाच्या कारखान्यातले लोक चिडवायचे, "बाजीराव, खोली पाहतोस का सून?"

चिडवणाऱ्यांचं काय जातं? चौदा वर्षं तो आठ जणांच्या खोलीत राहत होता. रातपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याने उठायचं, आणि त्याच गोधडीत दुसऱ्याने शिरायचं. स्वतःची अशी त्याची एक खुंटी होती, बस्स. आता मुलगी सासरी गेली होती, यंदा गावी आईही वारली होती, आणि शोभाबाईने आपल्या भावाकडून, सुकदेवकडून, निरोप धाडला होता: आठ माणसांत मी राहायची नाही, घर पाहा, मी येते. 'मी येते' हे सुकदेवकडून बाजीरावने तीनदा वदवून घेतलं. म्हातारपणाच्या उंबरठ्यावर का होईना, बायकोच्या हातचा चहा पिऊन कामाला जायचं, एवढीच त्याची हाव होती.

घर पारखायला त्याने चिंधाला बरोबर आणलं होतं. चिंधा शेजारच्या मागावरचा, वीस वर्षं मुरलेला कारागीर. त्याने नळ सोडून पाहिला, मोरीत डोकावला, शेजारच्या बायांना गाव विचारलं. अमळनेरकडच्या निघाल्या.

"चांगली शे," चिंधा ओरडून म्हणाला. "ली टाक."

मगनभाई भले माणूस. त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट करून मोठ्याने विचारलं, "पाछळ लूम चाले छे हं. वांधो नथी ने?"

"वांधा कसला?" बाजीराव हसला. "आपणही लूमवालेच."

चिंधानेही मान डोलावली. दोघे एकाच माळेचे मणी! भिंतीपलीकडे सोळा माग धडधडत होते, आणि हे दोघे शहाणे मधोमध उभे राहून म्हणत होते, वा, काय निवांत खोली आहे.

दिवाळीनंतर शोभाबाई आली. पितळी डबे तिने फळीवर मांडले, ते सारखे सरकत सरकत कडेला येत. ती दिवसातून दोनदा ते मागे सारी. कानात कापूस घालून, वर पदर घट्ट बांधून ती भाकरी थापायची. बाजीरावला वाटलं, थंडी वाजत असेल.

पण सहा महिने त्याच्या सुखाचे गेले, खोटं कशाला बोला! कामावरून आलं की दिवा लागलेला असायचा. जेवताना शोभाबाई काहीबाही बोलायची. वीस वर्षं सासूसमोर नवऱ्याशी बोलायचं ते पदर तोंडावर ओढून, चुलीकडे पाहत. सासू गेली, सवय राहिली. बाजीरावला तिचा आवाज नुसता गुणगुणल्यासारखा यायचा. 'हां, हां' म्हणत तो जेवायचा. बाई बोलतेय, घर भरलंय, याहून जास्त काय ऐकायचं असतं?

आखाजीच्या सणाला ती माहेरी गेली. खानदेशातली कोणती लेक आखाजीला माहेरी जात नाही? तोच तिला गाडीत बसवून आला. पंधरा दिवस झाले, महिना झाला. मग सुकदेव एकटाच आला आणि मान खाली घालून म्हणाला, "दाजी, अक्का म्हनस, तठला आवाज सहन व्हत नही."

"कसला आवाज?" बाजीरावने विचारलं.

सुकदेवने चमकून भिंतीकडे पाहिलं, मग बाजीरावकडे पाहिलं.

तो गेल्यावर बाजीरावने मागच्या भिंतीला तळहात टेकवला. भिंत थरथरत होती. हात काढावा असं त्याला वाटेना. या भिंतीला पाठ लावून ती बिचारी सहा महिने निजली होती, आणि आपण तिला विचारत होतो, झोप झाली का! त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की शेजारणींना तोंड दाखवू नये असं झालं.

दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो. या वेळी तो चिंधाला नाही, खानावळवाल्या पुष्पाबाईला घेऊन गेला. नदीपलीकडे कोसाडला शेताच्या कडेला एक घर होतं. पुढे पडवी, दारात विहीर. त्याने ऊन पाहिलं, पाणी पाहिलं, आणि मग पुष्पाबाईला घराच्या मधोमध उभं केलं.

"ऐका," तो म्हणाला. "नीट ऐका."

बाई डोळे मिटून उभी राहिली. बाजीराव तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, डॉक्टरकडे पाहावं तसा.

"चिमण्या आहेत," ती शेवटी म्हणाली. "दुसरं काही नाही."

कामावर जायला आता रोज सायकलने जाऊन-येऊन दोन तास लागणार होते. लागेनात का! त्याने घर घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी भुसावळची गाडी पकडली.

तो सासरवाडीला पोचला तेव्हा दुपार होती. अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, लिंबाखाली, शोभाबाई आणि तिची भावजय धुरपदाबाई डाळ निवडत बसल्या होत्या. घरात पुरुषमाणूस नव्हतं, त्यामुळे शोभाबाईचा पदर खांद्यावर होता आणि तोंड दाराकडे. नजर सुपात होती, त्यामुळे तिने त्याला पाहिलं नव्हतं. तो हाक मारणार, तेवढ्यात ती बोलू लागली.

मागांच्या गोंधळात हाक पोचत नाही. तिथे माणसं ओठ वाचून बोलतात. चार माग पलीकडचा माणूस विडी मागतोय की मुकादमाला शिव्या देतोय, हे बाजीरावला नुसतं पाहून कळायचं.

"आवाजनं काय," शोभाबाई सांगत होती, "तेनी बी सवय व्हयी जाती. पन सहा महिना मी बोलू, नि तेस्ना एक बी जवाब नही. चुलीसंगे बोलानी गत. मी तेस्ले कोनीच नही, वहिनी."

बाजीराव दारातच उभा राहिला. परत फिरावं असंही त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात तिने त्याला पाहिलं. लगबगीने उठली, तोंडावर पदर ओढला, पाण्याचा तांब्या घेऊन आली. बाजीराव नेहमीसारखा ओरडूनच बोलला, "कोसाडले घर पाह्यं. निवांत शे. चिमणीना आवाज बी ऐकू येस!"

पदराआडून, जमिनीकडे पाहत, ती काहीतरी बोलली. 'हां, हां' त्याच्या ओठांवर आलंच होतं. ते त्याने गिळलं.

"शोभे," तो म्हणाला, "माले ऐकू येस नही."

हे वाक्य तो आयुष्यात कुणाशी बोलला नव्हता. स्वतःशीसुद्धा.

"पदर काढ. मनाकडे देख, नि बोल."

धुरपदाबाई सूप उचलून घरात गेली. शोभाबाईने पदर मागे सारला. भर उजेडात, समोरासमोर, तिचा चेहरा त्याने किती वर्षांनी पाहिला कोण जाणे. कानशिलापाशी केस पांढरे झाले होते.

"सहा महिना का बरं नही सांगं?" तिने विचारलं.

बाजीरावने तांब्या हातात घेतला. तिने पदर परत ओढला नाही. मग ती सावकाश बोलली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुम्ही बारा घंटा कामवर ऱ्हातस. त्या निवांत घरमां मी कोनसंगे बोलू? आठे मनी भावजय शे, गल्ली शे. माले आते येनं नही."

तिचा एकही शब्द बाजीरावच्या नजरेतून सुटला नाही.

"बरं," तो म्हणाला. तांब्यातलं पाणी त्याने संपवलं आणि तांब्या ओट्यावर ठेवला.

"जेवीसन जा," ती म्हणाली. तेही त्याला कळलं.