फुंकणाऱ्यांची वाकडी बोटं

कारखान्याच्या जेवणघरात दीडशे माणसं डोळे मिटून भात्यासारखी फुसफुसत होती आणि मंचावरून श्वासगुरू ओरडत होता, "अजून जोरात! शक्ती आत येतेय!"

आलीच ती शक्ती. पाच मिनिटांत हातांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, मनगटं वळून बोटं आवळली. "बघा, देहाने आपणहून मुद्रा धरली!" लोक ढसाढसा रडू लागले. म्हाताऱ्या वस्तादांनी तर वाकड्या हातांनीच नमस्कार केला.

मागे भिंतीला टेकलेल्या, याच कारखान्यात काम करणाऱ्या ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथली सगळी माणसं काच फुंकणारी. नळीच्या टोकाला तापलेला गोळा घ्यायचा, दुसऱ्या टोकाने फुंकायचं, बाटली घडवायची. नवशिका पहिल्या आठवड्यात घाईघाईने फुंकतो आणि त्याची बोटं अशीच वाकडी होतात. तेव्हा हेच वस्ताद त्याला खाली बसवून म्हणतात, "सावकाश, लेका. श्वास काय उधळायला आणलायस?" आणि आज हेच वस्ताद नमस्कार करत होते!

तिचा जीव मात्र पहिल्या रांगेत अडकला होता. तिथे तिचा धाकटा भाऊ होता, लहानपणापासून दम्याचा. "औषध म्हणजे श्वासावर अविश्वास," असं गुरूने सांगितल्यावर त्याने सकाळीच आपला पंप मंचावरच्या पेटीत टाकला होता. पेटी लोकांच्या गोळ्या-औषधांनी भरली होती.

भावाच्या छातीतून शिट्टी वाजू लागली. त्याला शब्द फुटेना.

"विकार बाहेर पडतोय. कुणी मध्ये येऊ नका," गुरू म्हणाला.

"तूच बाजूला हो आधी!" ताईने मंचावर चढून पेटी उपडी केली, पंप शोधला, हलवून भावाच्या तोंडाशी धरला. थोड्या वेळाने त्याचे खांदे खाली आले. मग ती गुरूकडे वळली. "आता माझी मुद्रा बघ."

"तुझी श्रद्धा नाही. तुला काही होणार नाही," गुरू हसला.

ताई डोळे उघडे ठेवून भराभर श्वास घेऊ लागली. पाच मिनिटांत तिचीही बोटं आवळली. तिने हात गर्दीसमोर धरला.

"माझी श्रद्धा नाही ना? मग हे काय? वस्ताद, बोला!"

वस्तादांनी मान खाली घातली. "अति फुंकलं की होतं."

"रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, म्हणून होतं! कारखान्याच्या डॉक्टरांनी दहादा सांगितलंय. सावकाश श्वास घेतला की मन शांत होतं, मीही रोज घेते. पण त्यासाठी औषध कशाला फेकायचं? माझा भाऊ आत्ता गेला असता! जे हात रोज काम करतात, ते जोडण्याआधी एवढंच विचारा, हे का झालं?"

गुरूने पुन्हा तोंड उघडलं, पण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. वस्ताद गुडघ्यांवर बसून जमिनीवरच्या ढिगात आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या शोधत होते, आणि त्यांच्यामागे रांग लागली होती.