हंसिणीची अंघोळ

मिस्त्रींना काळजी करायची भारी हौस. बंद पडलेलं इंजिन शिव्या घालून चालू करणारा हा माणूस, पण बायको नुसती शिंकली तरी याचं धाबं दणाणायचं. आता तर तिचे दिवस भरत आलेले. मागच्या खेपेला बाळ पोटातच गेलं, त्याची धास्ती मिस्त्रींच्या मनातून जाता जात नव्हती. पाणी देऊ? उशी देऊ? खिडकी लावू?

"अहो, श्वास तेवढा माझा मला घेऊ द्या," ती म्हणायची. "जा गॅरेजात."

गॅरेजमागे जुन्या टायरात एका हंसिणीने घरटं केलं होतं. स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपटून तिने ती अंड्यांखाली घातली होती. ती बसून असायची आणि हंस चार हात लांब मान ताणून उभा. कुणी फिरकलं की फिसकारत अंगावर!

"बाप असावा तर असा," मिस्त्री घरी येऊन सांगायचे.

"तो तिला दर घटकेला उशी देतो का हो?"

एका सकाळी बघतात तर हंसीण नाही, हंसही नाही. अंड्यांवर नुसती पिसं. टाकून गेली की बया! गार पडली तर संपलंच. पिसं बाजूला सारून त्यांनी अंडी टोपीत भरली, धावत घर गाठलं आणि बायकोच्या शेकायच्या पिशवीवर ती मांडता मांडता म्हणाले, "वर नुसती पिसं घालून गेली हो!"

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो शहाणे! टाकून जाणारी पांघरूण घालून जाते का? दोन घास खायला, अंघोळीला गेली असेल बिचारी. आल्यावर घरटं रिकामं दिसलं तर मात्र खरंच जाईल. पळा!"

मिस्त्री पळाले. ते पोचायला आणि जोडपं परतायला एकच गाठ पडली. एका हातात मडगार्डची ढाल, दुसऱ्या हाताने अंडी ठेवणं चाललेलं. हंसाने मांडीला असा चिमटा घेतला, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरी एकही अंडं न फोडता त्यांनी वर पिसं पसरली आणि एका गाडीमागे जाऊन दडले.

हंसीण उभीच. आता ही बसली नाही, तर घरी कुठल्या तोंडाने जायचं? मिस्त्रींना रडूच यायला लागलं. शेवटी ती पुढे झाली, चोचीने एकेक अंडं फिरवून पाहिलं आणि अंग पसरून बसली. मग मिस्त्री खरंच रडले.

पिल्लं निघाली आणि दुसऱ्याच दिवशी पाण्याकडे चालली. आई पुढे, बाप मागे. त्याच आठवड्यात मिस्त्रींना मुलगी झाली.

घरी आल्यावर बायकोने बाळ गुंडाळून त्यांच्या मांडीवर ठेवलं. मिस्त्री ताठ बसले.

"मला... एकट्याला?"

"अंघोळ करून येते. टाकून नाही चालले. पिशवीवर नेऊन ठेवू नका म्हणजे झालं."

तेवढ्यात बाहेर कुणीतरी जोरजोरात हॉर्न वाजवला. मिस्त्री जागचे हलले नाहीत. त्यांनी दाराकडे मान ताणली आणि फिसकारले, "शूऽऽऽ!"

मोरीतून बायकोचं हसू ऐकू आलं.