मैनेचं रक्त

नोएडातल्या फ्लॅटच्या पांढऱ्या फरशीवर पुन्हा रक्ताचे ठिपके दिसले, तेव्हा सुमित्राने ऑफिसला सुट्टीच टाकली. मैना अकरा वर्षांची कुत्री. लहानपणीच ऑपरेशन करून तिची पिशवी काढलेली. मग हे कुठून? कॅन्सर हा शब्द सुमित्राच्या डोक्यातून जाता जाईना.

मैना मात्र मजेत होती. खात होती, खेळत होती. फिरायला नेलं की गल्लीतले कुत्रे तिच्यामागे लागत, तेवढंच नवल.

लघवी तपासली, साफ निघाली. सोनोग्राफीत ना खडा, ना गाठ.

"काही नाही म्हणजे बरंच की," उल्हास म्हणाला.

"काही नाही, तर रक्त कसलं?" ती नवऱ्यावर खेकसली आणि ओलं फडकं घेऊन पुन्हा मैनेमागे फिरू लागली. एका जागी बसवेना, घास उतरेना.

पुढच्या खेपेला प्राण्यांच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीने मैनेला शेपटीखाली तपासलं आणि कपाळाला आठी घातली. "सूजन है, जैसे हीट में हो." माजावर, पिशवी नसताना? "आंटी, घर में कोई हार्मोन की क्रीम या जेल लगाता है?"

सुमित्राने उल्हासकडे पाहिलं नाही. पाळी गेल्यापासून अंगाची आग व्हायची, झोप उडालेली. तिच्या डॉक्टरांनी दिलेलं जेल ती उन्हाळ्यापासून दंडाला लावत होती. घरात कुणाजवळ बोलली नव्हती.

"मैं लगाती हूँ. बाँह पे."

"और ये चाटती है?"

रोजच. सोफ्यावर टेकलं की मैना दंड चाटत बसायची आणि सुमित्राला तेवढाच गारवा वाटायचा.

"तो शायद वही है. पहले चाटना बंद कीजिए. नहीं रुका, तो आगे देखेंगे."

परतताना गाडी उल्हास चालवत होता.

"मला सांगायचंस की," उल्हास म्हणाला.

"काय सांगायचं? एसी वाढवला की तू कुरकुरतोस."

त्याने सिग्नलला गाडी थांबवली. "वाढव आजपासून. मी रजई घेईन."

आपल्या डॉक्टरांना विचारून तिने जेल मांडीला, कपड्याखाली लावायला सुरुवात केली. लावून झाल्यावर हात साबणाने धुवायचे. काही आठवड्यांत मैनेची सूज उतरली, रक्तही थांबलं. सुमित्राचा जीव मात्र लगेच थाऱ्यावर येईना. मैना दंडाकडे नाक नेऊ लागली की ती दचकून हात मागे घ्यायची आणि मैना खुळ्यासारखी बघत राहायची.

उल्हासने मग आपला दंड पुढे केला. मैनेने तो हुंगला आणि तोंड फिरवलं.