मिठाची डाकिरी

उस्तादांनी लिंबाच्या रसात दोन चमचे मीठ टाकलं, ढवळलं, एक थेंब हाताच्या पाठीवर घेऊन चाटला आणि मान डोलावली. "बरोब्बर!"

शेजारी ग्लास पुसत उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीनं बरणीकडे पाहिलं. ती मिठाची होती. बारीक साखरेची आणि ग्लासाच्या कडेला लावायच्या मिठाची बरणी सारखीच, हात कुणाचाही चुकेल. पण मीठ चाटून कुणी बरोब्बर म्हणतं?

चौतीस वर्षं या हॉटेलच्या बारमागे तिचे बाबा उभे होते. रम, लिंबू, साखर, बर्फ, एवढ्यावर डाकिरी होते, आणि ती त्यांच्यासारखी कुणाला जमत नाही अशी त्यांची ख्याती. ग्लासाबरोबर डाकिरीच्या जन्माची गोष्ट फुकट. खाणीवरच्या एका इंजिनिअरकडे म्हणे पाहुणे आले, आणि जिन संपलेली! "मग काय, अडला हरी रमचे पाय धरी!" खरं की थाप, देव जाणे. पण दोन महिन्यांपूर्वी उस्ताद तापानं आडवे झाले आणि तेव्हापासून गिऱ्हाइकं अर्धे ग्लास तसेच ठेवून जाऊ लागली. आज चार वाजता मालकीणबाई स्वतः चाखायला येणार होत्या. बिघडली, तर उद्यापासून नवा माणूस आणि उस्ताद घरी. घरी बसलेले बाबा नळालासुद्धा गळायचं कसं ते शिकवतील, हे लेकीला पक्कं ठाऊक होतं. आणि मग एक दिवस शिकवायचंही सोडून देतील, याची तिला खरी भीती होती.

"बाबा, हे मीठ आहे."

"काहीतरीच!" त्यांनी बरणीत बोट घालून चाटलं. चेहरा तसाच कोरा राहिला.

"कधीपासून?"

"तापापासून." ते स्टुलावर टेकले. "चव नाही, वास नाही. जुन्या मापावर रेटत होतो. पण लिंबं कुठली मापात राहायला? आज आंबट, उद्या पाणचट."

"मला सांगायचं नाही?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. जीभ गेलेल्याला इथे कोण उभं करेल?"

तिला रागही आला आणि रडूही. तिनं दोन्ही गिळलं आणि लिंबू कापलं. रम पडण्याआधीचं लिंबू-साखर लहानपणी रोज तिच्या वाटणीचं असायचं. ती चव तिच्या जिभेला पाठ होती.

"कान शाबूत आहेत ना? मग हलवायचं तुम्ही. बाकी मी बघते."

बाई आल्या तेव्हा लेकीनं रस चाखला, चिमूट वाढवली, पुन्हा चाखला. उस्तादांनी रम ओतली, बर्फ टाकला, डोळे मिटून शेकर हलवला. आत बर्फाचा खडखडाट मऊ झाला, त्या क्षणी ते थांबले.

बाईंनी घोट घेतला. "अहाहा! जुनी चव! बरे झालात म्हणायचं, उस्ताद."

आता फक्त हो म्हणा, लेकीनं मनात धावा केला.

"नाही, बाई," उस्ताद म्हणाले. "माझी जीभ गेलीय. ही चव हिची. मी नुसता शेकर हलवला."

बाईंनी ग्लास तळापर्यंत संपवला.

"मग उद्यापासून दोघंही इथेच. आणि हा बाजूला ठेवलेला रस कसला?"

"तो नका घेऊ!" बापलेक एकदम ओरडले.

बाई हसतच गेल्या. लगेच एक गिऱ्हाईक आलं. उस्तादांनी रस ढवळला, चमचा उचलला, सवयीनं स्वतःचा हात पुढे केला आणि थांबले. मग थेंब लेकीच्या हाताच्या पाठीवर ठेवला.

"काय म्हणतेस?"

"अजून चिमूटभर साखर."

चौतीस वर्षं कुणाचंही न ऐकलेल्या उस्तादांनी निमूटपणे चिमूटभर साखर टाकली.