कानातला ठोका

आमचं गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई म्हणाली, "यापेक्षा रडलेलं बरं. रडण्याला निदान सूर तरी असतो." नवरा म्हणाला, शेजारपाजारचे एक दिवस अॅम्ब्युलन्स बोलावतील. मी कुणावर चिडले नाही. टायरच्या दुकानावरच्या खोलीत तीन गरोदर बायका भिंतीला पाठ टेकून धापा टाकतात, कण्हतात, ओठ फडफडवतात आणि त्याला संगीत म्हणतात, हे बाहेरच्याला वेडाचंच वाटणार. खाली हवेचा पंप सुरू झाला की आम्ही थांबायचो, बंद झाला की पुन्हा कण्हायला लागायचो.

हे सगळं मास्तरीणबाईंच्या डोक्यातून निघालेलं. बाईंनी बरीच वर्षं शाळेत गाणं शिकवलं आणि एक दिवस शब्दांचा कंटाळा आला म्हणून नोकरी सोडली. त्यांना गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे पहिले महिने नुसत्या गळ्यातून हवे होते. शब्द नाहीत, वाद्य नाही. गाणाऱ्या आम्ही तिघी: एक नर्स, एक वकील आणि मी. मी एरवी जाहिरातींना आवाज द्यायचे, साबणापासून सिमेंटपर्यंत.

बाईंचा धाकटा भाऊ ध्वनिमुद्रणाचं काम करायचा. आम्ही सगळ्या त्याला भाऊच म्हणायचो. तो प्रत्येकीबरोबर डॉक्टरकडे आला आणि पोटावर यंत्र ठेवून ऐकवतात तो बाळाचा ठोका त्यानं आपल्या रेकॉर्डरवर घेतला. गाताना हा ठोका जिचा तिच्या एका कानात इअरफोनवर चालू ठेवायचा. जिचं पोर ज्या वेगानं धडधडतंय त्या वेगानं तिनं गायचं. तीन काळजांचे तीन वेग, त्यामुळे आमचे आवाज जवळ यायचे, घासून जायचे, पुन्हा लांब व्हायचे. गाणं म्हणजे तेवढंच होतं. शेजारणीच्या लयीत कुणी घसरली की बाई तिथंच हात वर करायच्या.

"ओढली गेलीस. स्वतःचं पोर सोडून तिच्या पोराबरोबर निघालीस."

आम्ही हसायचो.

माझ्या ठोक्यात मध्येच एक लाथ होती. धप्प करून यंत्रावरच बसलेली. मग पुढचे काही ठोके घाईघाईनं, जणू आपल्याच लाथेला दचकल्यासारखे. भाऊनं विचारलं, "ताई, हे काढून टाकू का? साफ होईल."

"हात लावलास तर याद राख," मी म्हणाले.

आठव्या महिन्यात एका दुपारी आम्ही जेवणापासून दिवेलागणीपर्यंत तालीम केली. माझा आवाज त्या दिवशी फार छान लागला होता. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या तपासणीला गेले. डॉक्टरीणबाई यंत्र फिरवत राहिल्या. डावीकडे, खाली, पुन्हा वर. मी म्हटलं, बॅटरी गेली असेल. त्यांनी विचारलं, "शेवटची हालचाल कधी जाणवली?"

मी तोंड उघडलं. काल दुपारी, असं म्हणणार होते. मग लक्षात आलं की काल दुपारी लाथ बसली होती ती कानात. कानातला ठोका चालू होता, म्हणून पोटातला थांबलेला मला कळलाच नाही. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या की लवकर कळलं असतं तरी काही करता आलं नसतं. एखाद्या दिवशी मी हे खरं मानते, एखाद्या दिवशी मानत नाही.

बाळंतपण व्हायचं ते झालंच. इतके महिने बसवलेल्या आवाजांतला एकही तिथं आला नाही. मुलगा होता. नंतर दूधही आलं, कारण शरीराला कुणी काही कळवलं नव्हतं. भेटायला येणारे म्हणायचे, तू अजून तरुण आहेस, देवाला काळजी. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं मला.

नर्सला मुलगी झाली, वकिलीणबाईंना मुलगा. बाई घरी आल्या, पलंगाच्या काठावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझी जागा तशीच आहे. यायचं की नाही ते तू ठरव." मी गेले. सगळ्यांना वाटलं, गाण्यात मन रमेल म्हणून. मी गेले ते तो तिथं होता म्हणून. तो रडला नव्हता, त्यानं डोळे उघडले नव्हते. या जगात त्यानं केलेला आवाज तेवढाच, भाऊच्या रेकॉर्डरमधला. कोपऱ्यात टोपलीत झोपलेली नर्सची मुलगी रडली की माझं अंग भिजायचं. मी ओढणी पुढे घ्यायचे आणि गात राहायचे. तालीम संपली की इतर जणी घाईनं पोरांकडे पळायच्या, मी कानात ठोका ठेवून तशीच बसायचे. हळूहळू घरी ताटावर बसल्यावरही माझं बोट मांडीवर तोच ठोका धरायला लागलं.

मग एका तालमीत लाथ आलीच नाही.

मी वाट पाहिली. ठोका सरळ पुढे गेला, घड्याळासारखा, न दचकता. मी गाणं थांबवलं आणि भाऊपाशी गेले. तो वायर गुंडाळत होता.

"लाथ कुठं गेली?"

"ताई, वेग तोच ठेवलाय. आवाजही तसाच लावलाय."

"तो कुठंय, भाऊ?"

तो वायर गुंडाळतच राहिला. "भावजी आले होते. म्हणाले, पुसून टाक, कॉपीसुद्धा ठेवू नकोस. नाहीतर ही यातून उठायची नाही." मग अगदी हळू म्हणाला, "तुमच्या आईही होत्या बरोबर."

आपलेच दात, आपलेच ओठ. मी चप्पल न घालताच जिना उतरले.

घरी नवरा कपडे वाळत घालत होता. त्यानं नाकारलं नाही. "तू घास तोंडात धरून बसायचीस," तो म्हणाला. "हाक मारली तर ओ द्यायची नाहीस. तो गेला. तुलाही जाऊ द्यायचं का मी?"

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

मी नाहीच म्हणाले असते. त्या दिवशी मला त्याचा जीव घ्यावासा वाटला, आणि त्याच्या हातात माझाच ओला कुर्ता होता.

रविवारी सभागृहात या गाण्याचा कार्यक्रम ठरला होता; मी तो सोडू शकले असते. बाईंनी तसं सांगितलंही. पण मला वाटलं, रेकॉर्डरमधून पुसला तरी माझ्यातून कसा पुसतील? इतके महिने मी त्याच वेगानं श्वास घेतला होता. मी नीट गायले तर तो असेल. एवढ्याच एका गोष्टीसाठी मी रविवारी सकाळी त्या सभागृहात उभी राहिले आणि दिवे लागल्याबरोबर कानातला इअरफोन काढून खाली ठेवला. तसलं घड्याळ मला नको होतं.

सुरुवातीला तो आला. मी डोळे मिटून त्याच्याबरोबर चालले. लाथेची जागा आली तशी मी श्वास झटक्यानं तोडला आणि पुढचे चार सूर घाईनं घेतले, अगदी त्याच्यासारखे. मला हसू आलं. मग पुढे कुठंतरी सगळं फार सोपं वाटायला लागलं. श्वास आपोआप पडत होता, गळा मोकळा झाला होता, कित्येक महिन्यांनंतर अंग सैल पडलं होतं. तसंच बराच वेळ गात राहिले आणि मग कळलं, माझ्या डावीकडे नर्स गातेय आणि मी तिच्या लयीत आहे. तिच्या मुलीच्या.

मी थांबले, मागे वळून त्याला शोधलं. मनात मोजून पाहिलं, मांडीवर बोट धरून पाहिलं. प्रत्येक वेळी हाताला मुलीचाच ठोका लागला. उरलेलं सगळं गाणं मी त्या पोरीच्या काळजावर गायले.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाईंनी मला मिठी मारली. त्यांचे डोळे भरले होते. "तुम्ही दोघी एक झालात ना, तिथं माझ्या अंगावर काटा आला. हे बसवून आलं नसतं गं." म्हणीत शेळी जाते जिवानिशी तेव्हा खाणारा निदान वातड तरी म्हणतो. इथं सगळ्यांना चव आवडली होती.

परतताना नवरा गाडी चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "छान झालं."

"तो कसा वाजायचा ते मला आता आठवत नाही," मी म्हणाले. "तुला हवं होतं ते झालं."

मग त्यानं स्टिअरिंगवर बोटानं ठोके द्यायला सुरुवात केली. "असा होता," तो म्हणाला. "भाऊनं ठोका घेतला तेव्हा मी होतो ना तिथं. असा होता बघ." त्याचा आवाज फुटला, तरी बोट थांबलं नाही. दिवा हिरवा झाला, मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या, आणि तो मला पुन्हा पुन्हा विचारत होता, "बरोबर आहे ना? असाच ना?"

मी त्याच्या बोटाकडे पाहत होते. बरोबर की चूक, हे सांगायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.